बँडची आत्या

जनूनं गुलाबी हँडबिल उमाच्या जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि पंख्यानं उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली.

“वाचा ताई. आख्खं नाव उचललंय. ‘बीटल्स ब्रास बँड, उल्हासनगर.’”

कुळगावात बीटल्स ब्रास बँड म्हणजे जनूचा. नऊ वर्षांपूर्वी, एक्क्याऐंशी साली, त्यानं चार म्हशी विकून पितळी वाद्यं घेतली, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं होतं. गडी मुळात हौशी. बँड म्हणजे आपलं लेकरूच म्हणाला, मोठा ढोल पाळण्यात घातला आणि रीतसर बारसं केलं. त्याला बहीण नव्हती, म्हणून ज्या घरी दूध घालायचा तिथल्या उमाला आत्या केलं. ढोलाला कान कुठं असतो हे न विचारता उमानं वाकून नाव सांगितलं आणि आत्याच्या मानाची साडी घेतली. तेव्हापासून दर भाऊबिजेला जनू तिच्याकडे ओवाळून घ्यायला येतो. तिचा सख्खा भाऊ गुरुदत्त कॅनडात. त्याचं कार्ड येतं, तेही नाताळात.

“एक कागद द्या लिवून,” जनू म्हणाला. “हे नाव मी काढलं, आधी कुनाचंच नव्हतं, असं. तुलशीची लग्नं लागली का सराई सुरू. आत्याची सही बघितली का तो गप बसंल.”

उमानं कागद घेतला, वर तारीख घातली. मग पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. नऊ वर्षं झाकली मूठ होती आणि निभावलंही होतं, पण आता खाली सही करायची होती. खरं सांगितलं तर हा माणूस पुन्हा पाटावर बसेल का, याची तिला भीती वाटली. भाऊबीज आठ दिवसांवर आली होती.

“जनूभाऊ, ते नाव मी काढलेलं नाही. गुरुदत्तच्या रेकॉर्डवर वाचलं होतं. विलायतेतल्या चौघांच्या बँडचं नाव आहे ते. जगभर गाजलेलं.”

जनू बरणीकडे बघत राहिला.

“अजून वाजवतात?”

“नाही. फुटून वीस वर्षं झाली.”

“म्हंजे आपल्या बारशाच्या आधीच.”

“हो.”

“मंग मी पन चोरच की.”

“तुम्ही नाही. मी.”

तो उठला, दारापाशी गेला आणि चपला घालू लागला. त्याला थांबवायचं कोणत्या तोंडानं, हे उमाला कळेना. एक चप्पल पायात घालून जनू तसाच उभा राहिला.

“ताई, माझं नाव जनार्दन. आमच्या आत्यानं ठेवलं. ते काय तिनं घरी घडवलं? देवाचंच उचललं. देव आला का भांडायला?”

उमाचे डोळे भरून आले होते.

चपला काढून जनू परत खुर्चीवर येऊन बसला. त्यानं हँडबिलाची घडी करून खिशात घातली आणि कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

“नाव कुनाचं ते सोडा. या बँडची आत्या मी, एवढंच लिवा. त्या उल्हासनगरवाल्याला बोलतो, आता तुझी दाखव.”