निरोपाची तालीम

तुरुंगात जाण्यासाठीही शिकवणी लावावी लागते, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आमच्या प्रार्थनामंडळाने बंद्यांना भेटायला जायचं ठरवलं, नऊ जणांनी नावं दिली. प्रार्थनेच्या हॉलमागच्या खोलीत चार रविवार शिकवणी होती. शिकवायला एक निवृत्त जेलर. मी स्वतः चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या वर्गात गप्प बसायचं म्हणजे माझा जीव वरखाली होतो. त्यातून हा माणूस फळ्यावर ऱ्हस्व-दीर्घाचा खून करायचा. तरी गप्प बसले, कारण मला आत जायचंच होतं.

खरं कारण कोणालाच सांगितलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ पाच वर्षं त्याच तुरुंगात आहे. दारू पिऊन गाडी चालवली आणि रस्त्याकडेचा एक माणूस जिवानिशी गेला. मी एकदाच भेटायला गेले होते. मग मंडळातल्याच, शेजारच्या बेकरीवाल्या काकूंना ठोकून दिलं की भाऊ परदेशात असतो, आणि ती थाप टिकवायची म्हणून पुन्हा फिरकलेच नाही. आता मंडळाच्या घोळक्यात, पुण्यकर्माच्या नावाखाली, त्याला लांबून तरी बघावं असा माझा डाव होता. बहीण म्हणून जायची हिंमत नव्हती.

जेलरांचे नियम साधे होते. गुन्हा विचारायचा नाही. आधी ऐकायचं, प्रार्थना मागून. चिठ्ठ्या न्यायच्या-आणायच्या नाहीत. "आणि वचन द्यायचं नाही," ते म्हणाले. "बाहेर आपण दिवसाला दहा वचनं देतो आणि विसरतो. आत विसरायची सोय नसते."

तिसऱ्या रविवारी तालीम झाली. टेबल मध्ये, समोरासमोर दोन खुर्च्या. बंद्याचं सोंग घेतलं होतं जेलरांबरोबर येणाऱ्या, माइक आणि पंखे बघणाऱ्या अबोल इलेक्ट्रिशियनने. भेटणारी मी. पंधरा मिनिटं काय झकास बोलले म्हणून सांगू! ना चौकशी, ना उपदेश. मागून बेकरीवाल्या काकू "वा, बाई!" सुद्धा म्हणाल्या. वेळ संपली तशी मी उठले आणि म्हणाले, "बरं, येते हं."

"कधी?" इलेक्ट्रिशियनने विचारलं.

मी हसले. "अहो, बोलायची पद्धत आहे ती. जाते म्हणू नये, म्हणून येते म्हणायचं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "माझी आईपण येते म्हणूनच गेली होती. सहा वर्षं होतो मी आत. भेटीच्या दिवशी सकाळीच अंघोळ करून, केस विंचरून बसायचो. सगळ्यांची नावं पुकारली जायची. ती येणार नाही हे डोक्यात शिरायला दीड वर्ष लागलं मला. सरळ जाते म्हणाली असती, तर त्याच दिवशी रडून मोकळा झालो असतो."

पोरांची क्रियापदं तपासण्यात माझी हयात गेली, आणि एका साध्या क्रियापदात मीच नापास झाले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! भावाला भेटून निघताना मीही हेच म्हटलं होतं.

वर्ग सुटल्यावर मी जेलरांना गाठून सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे फळा पुसून घेतला.

"मग बाई, तुम्हाला आमच्याबरोबर येता येणार नाही. ज्यांचं माणूस आत आहे, त्यांना आम्ही स्वयंसेवक म्हणून नेत नाही." मग म्हणाले, "नातेवाइकांची रांग बुधवारी असते. तिला शिकवणी लागत नाही."

बुधवारी निघाले तर काकू बेकरीच्या दारातच. "कुठे स्वारी?"

"भावाला भेटायला."

"परदेशात?"

"तुरुंगात," मी म्हणाले. "बसने चाळीस मिनिटं लागतात."

काचेपलीकडे भाऊ येऊन बसला. केस पांढरे झालेले. त्याने फोन उचलला. "ताई, म्हातारी झालीस गं!"

"आणि तू काय कोवळा राहिलास?"

पहिली दहा मिनिटं आम्ही माझ्या गुडघ्यांवरच बोललो. मग मी म्हणाले, "मला लाज वाटत होती रे. म्हणून आले नाही."

"मलाही वाटते," तो म्हणाला. "रोज."

यावर काय बोलावं ते मला कोणी शिकवलं नव्हतं. मी रडले. त्याने मला रडू दिलं.

घंटा झाली. एवढा एक धडा मला पाठ होता. "जाते मी," मी म्हणाले.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "असं म्हणू नये ताई. तूच शिकवलंस ना?"

"मागे येते म्हणून गेले, ते पाच वर्षांनी उगवले. खोटं कशाला बोलू?"

"तरी म्हण," तो म्हणाला. "खोटं असलं तरी चालेल."

"येत्या बुधवारी येते," मी म्हणाले. नुसतं येते नाही, वार लावून.

आज मंगळवार. अंगात एकशेदोन ताप आहे. काकू उशाशी बसल्यात आणि सारख्या म्हणतायत, पुढच्या आठवड्यात गेलात म्हणून काही आभाळ कोसळत नाही. मी त्यांना सांगितलंय, उद्या बसपर्यंत मला हात धरून न्या, बाकी काही करू नका.