खांद्याची शिवण

नणंदेच्या हातून खण्णकन कात्री फरशीवर पडली आणि दोघींनी एकदमच पलंगावरच्या बाळाकडे पाहिलं. बाळाने ओठ हलवले आणि ते पुन्हा झोपलं.

"आज हाताला तेल लावून आलीस का गं?" ती कुजबुजली.

नणंद हसली नाही. शिलाई मशीनवर वाकून झोळीच्या खांद्याला दुसरी टीप घालत राहिली. तान्ह्या बाळाला छातीशी बांधायच्या या झोळ्या. सगळा भार खांद्याच्या शिवणीवर. तिने ती शिवण कितीजणींना शिकवली, बसली फक्त नणंदेच्या हातात. आज परदेशातली खरेदीदार ती शिवण कशी घालतात ते व्हिडिओवर बघणार होती. पसंत पडली तर वर्षभराचं काम. आजवर मोबाइलच्या रेंजसाठी जिन्यात बसून तिने झोळ्यांचा हा धंदा ओढला होता. घरात इंटरनेटची लाइन आजच येत होती; केबलवाला शिडीवर चढून तार जोडत होता. सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकी उघड, लाव, पुन्हा उघड.

भिंतीवरच्या डब्यात हिरवा दिवा लागला. केबलवाल्याने शिडी मिटली.

"घ्या वहिनी, आता सुसाट!" मग तो नणंदेकडे वळला. "आणि ताई, तुमच्याकडे परवा बसवलं ते? मशिनींच्या खोलीपर्यंत पोचतंय ना?"

मशीनवरचा नणंदेचा पाय थांबला. केबलवाला जिना उतरून गेला.

"मशिनी?"

"दोनच आहेत, वहिनी." नणंद उगाच दोरा ओवत राहिली. "सांगणारच होते. हे काम तुझ्या पदरात पडू दे, म्हटलं, मग सांगू."

"शिवतं कोण?"

"शेजारच्या दोघी. आधी जुन्या चादरीवर शिकवते, तू मला शिकवलंस तसंच. चुकलं की सगळं उसवायला लावते. मनातल्या मनात शिव्या घालत असतील."

"तू काय कमी घातल्यास मला?"

दोघींना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

तेवढ्यात खरेदीदाराच्या व्हिडिओ कॉलने फोन वाजला. ठरल्याप्रमाणे तिने तो मशीनसमोर धरला; चौकटीत नणंदेचे फक्त हात. तिने फोन जरासा वर उचलला. कडेला नणंदेचा चेहरा आला; आता शिवणारी कोण, तेही खरेदीदाराला दिसलं असतं. पुन्हा खाली घेतला. रिंग वाजतच होती.

टेबलाखाली चित्र रंगवत बसलेली तिची थोरली मुलगी केव्हाची सगळं ऐकत होती. तिने आईचा कुर्ता ओढला.

"आई, कुणाचं दुकान मोठं झालेलं तुला जास्त आवडेल? आपलं की आत्याचं?"