कुट्याचे खड्डे

माझे घरधनी माघात गेले. ताप आला तो उतरलाच नाही. रडायला बाया यायच्या, त्यांना मी पाणी द्यायचे आणि त्यांच्या शेजारी बसून राहायचे. मला भूक लागायची, झोप यायची. बाकी काही व्हायचं नाही. गुडघ्याला लागलेलं एखाद्या वेळी नंतर दुखतं, तसं होईल असं मला वाटत होतं. ते झालं नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. रेशनवर मिलो नावाची परदेशी ज्वारी मिळायची, तिच्या भाकऱ्या घशाखाली उतरत नसत. आम्ही कोपरीचे. आमचं शेत खाडीच्या कडेला, खाऱ्या जमिनीत. तिन्ही बाजूंना मिठागरं, मधे आमचा भाताचा तुकडा. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध. आदल्या पावसाळ्यात मोठ्या भरतीला तो फुटला आणि शेतात खारं पाणी शिरलं. भात कुजलं. पाणी ओसरल्यावर जमिनीवर पांढरा थर बसला, भिंतीला लोणा लागतो तसा.

बांध घरधन्यांनी आणि धाकट्या दिरांनी मिळून बांधून काढला. पण दिरांचं मन शेतावरून उडालं. काळुराम भावजी लहानपणापासून मिठागरातच राबलेले. सासूबाईंसमोर ते मला म्हणाले, "वयनी, ती जमीन आता मीठच पिकवनार. दादा होता, त्याचा हट्ट होता. या पावसात पेरून बघ. नवरात्रापर्यंत लोंबी धरली तर ठीक. नाय धरली तर बांध फोडून भरतीचं पानी आत घेतो आनि मिठागर करतो."

"मंग हिनं काय करायचं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव ठमाबाई.

"महिपत हाय ना कल्यानला."

महिपत माझा भाऊ, कल्याणला रेल्वेत कोळशावर होता. त्याची एकच खोली होती आणि खोलीत सहा माणसं. मला मूलबाळ नव्हतं. मिठागरात माझं काही काम नव्हतं. शेत गेलं की मी जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. मलाही कळत होतं. मी म्हटलं, "बरं."

खाऱ्या जमिनीत नांगर घालत नाहीत. नांगरलं की खालचं मीठ वर येतं. पावसाच्या पाण्याने वरचं मीठ धुऊन जाऊ द्यायचं आणि मग मोड आणलेलं भाताचं बी चिखलात फेकायचं, एवढंच. आमच्याकडे रात्याचं बी होतं. हे लाल तांदळाचं भात खाऱ्यात तग धरतं. पेरणीची पहिली मूठ माझ्या हातून नको म्हणून सासूबाईंनी ती शेजारच्या गोदाला टाकायला लावली. बाकीचं सगळं बी मी फेकलं. त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

श्रावणात गोदा माझ्याबरोबर खुरपायला आली. बांधावर उभी राहून तिने शेत पाहिलं.

"अगं सगुना, तुझ्या शेताला खरूज झालीय."

खरंच तसं दिसत होतं. सगळं भात पिवळं, वीतभर उंचीचं आणि मधेच कुठेकुठे गर्द हिरवा, दाट झुबका. मग पुन्हा पिवळं. पुन्हा एक झुबका.

"बी सारखं नाय फेकलंस," गोदा म्हणाली.

"नसेल."

"तुझं लक्ष कुठं असतं?"

ते मलाही माहीत नव्हतं. आम्ही खाली वाकलो. मी तणाबरोबर भातही उपटत होते. गोदाच्या ते लक्षात आलं, तेव्हा तिने माझ्या मनगटावर चापट मारली. "भात हाय ते. महिपतकडं जायची एवढी घाई झालीय काय तुला?"

त्याच वेळी एक पिवळं रोप माझ्या हातात अडकलं. ओढलं तर एका बाजूने सुटलं, दुसऱ्या बाजूने सुटेना. मी बोटांनी चिखल उकरला. रोपाच्या एका बाजूला मुळं नव्हतीच म्हणायची, दोन-चार आखूड काड्या होत्या. दुसऱ्या बाजूला एकच मूळ सरळ लांब गेलेलं. हातभर अंतरावरच्या हिरव्या झुबक्याखाली ते शिरलं होतं आणि तिथे त्याला केसांसारखी बारीक मुळं फुटली होती. इतकी की चिखलाचा गोळा त्यांनी धरून ठेवला होता.

मी गोळा फोडला. आत राख होती. माशांचे काटे होते. खवले होते, अजून चमकत होते.

"ह्याऽ, वास मारतंय," गोदा म्हणाली. तो वास आम्हा दोघींच्या ओळखीचा होता.

घरधनी आदल्या हिवाळ्यात मिठागरातल्या मजुरीवरून सुटले की चेंदणीच्या कोळीवाड्यात जायचे आणि कोळणींनी निवडून टाकलेली बारीक, सडकी मासळी पाटीभर आणायचे. आम्ही तिला कुटा म्हणतो. चुलीतली राखही न्यायचे. म्हणायचे, खेकडे-चिंबोऱ्या धरायला आमिष लागतं. अंधार पडेपर्यंत शेतात खड्डे करत बसायचे. घरी एकही चिंबोरी आली नाही. अंगाला मात्र कुट्याचा वास यायचा. गोदा तेव्हा मला म्हणायची, "चेंदणीला कोलीन ठेवलीय बघ यानं." भावजी म्हणायचे, "दादाच्या चिंबोऱ्या याला बघून पलतात." घरधनी हसायचे आणि जेवायला बसायचे.

कुटा वर पसरला असता तर पावसाच्या पाण्याने नेला असता. म्हणून त्यांनी तो खड्ड्यांत भरून वर चिखल थापला होता. सगळं शेत भरेल एवढा कुटा कुठून येणार? एक पाटी, एक खड्डा. मधलं सगळं त्यांनी रोपांवर सोडलं होतं.

"सांगायला काय झालं होतं त्याला?" गोदा म्हणाली.

रात्री मी सासूबाईंना तेच विचारलं. त्या चुलीसमोर होत्या. "माझा गोपी तसाच," त्या म्हणाल्या. "उगवलं असतं तर सांगितलं असतं. न उगवताच सांगून हसं कशाला करून घ्यायचं?" मग पदराने डोळे पुसून त्यांनी भाकरी उलटली. माझे डोळे कोरडेच होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. एका झुबक्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले. झुबके ओळीने होते. घरधन्यांनी पावलांनी अंतर मोजलं असावं; माझं पाऊल आखूड पडायचं, त्यांचं लांब. बांधाच्या घराकडच्या टोकापासून ओळ निघायची, शेताच्या कडेला जाऊन वळायची. खाडीकडच्या बाजूला, शेताचा तिसरा हिस्सा राहिला असताना, ओळीच्या मधेच झुबके संपले. शेवटचा खड्डा पुरता भरलेला नव्हता. तिथलं भात उंच होतं, पण विरळ.

त्याच्या पुढचं एक रोप उपटलं. मुळं सगळीकडून सारखी, आखूड, तांबूस. कुठेच गेली नव्हती.

मी तिथे बराच वेळ उभी होते. खड्डा भरताना त्यांना थंडी वाजून आली असेल, असा विचार आला. मग भूक लागली म्हणून घरी आले.

भादव्यात खाडीकडचं भात करपलं. इकडचं हळूहळू सुधारलं. आधी झुबक्यांच्या कडा हिरव्या झाल्या, मग कडांच्या कडा. सगळं नाही झालं. दोन खड्ड्यांमधलं अंतर जिथे जास्त होतं तिथे पिवळा पट्टा राहिलाच.

नवरात्र संपल्यावर काळुराम भावजी फावडं घेऊन आले. सासूबाईही मागोमाग आल्या. मी दोन रोपं मुळांसकट काढून ठेवली होती. एक खड्ड्यांमधलं, एक पलीकडचं. ती मी भावजींच्या हातात दिली आणि काटे दाखवले.

भावजींनी काटा बोटांत फिरवला. "मी म्हनायचो, चिंबोऱ्यांना जातो."

"सगलेच म्हनायचे," सासूबाई म्हणाल्या.

भावजी शेतातून चालत गेले. लोंब्या बारीक होत्या, पण दाणा भरत होता. शेवटच्या खड्ड्याशी ते थांबले. पुढे नुसता चिखल होता आणि त्यावर मीठ दिसायला लागलं होतं. त्यांनी फावडं तिथे रोवलं.

"इथून आडवा बांध घालतो. पलीकडं मीठ. अलीकडं तुझं भात. पुढल्या साली गेलं तर मंग मला बोलायचं नाय."

"नाय बोलनार," मी म्हटलं.

"दोन चर खोल काढायला लागतील बांधाला. तू माती वाहशील?"

"वाहीन."

सासूबाई म्हणाल्या, "महिपतला सांगावा धाड. ती येत नाय म्हनावं."

कापणी झाली, तेव्हा मी खड्डे उघडून पाहिले. रिकामे होते. राख नव्हती, खवले नव्हते. काटे उरले होते तेही बोटांत दाबले की पीठ व्हायचे.

पौषात मी पाटी घेऊन चेंदणीला गेले. कोळीण मासळी निवडत बसली होती. कुटा मागितला तेव्हा तिने वर पाहिलं.

"चिंबोऱ्यांना गं?"

मी हो म्हटलं.