एकेचाळीस आवाज

बाबांच्या ऑपरेशनला वीस दिवस उरले होते आणि त्यातले नऊ मी टिपणं ठेवायचं सॉफ्टवेअर निवडण्यात घालवले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी म्हणायला नको.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाळीस वर्षं एकच गाळा, एकच स्टूल. गिऱ्हाईक आलं की ते आधी हत्यार उचलत नाहीत. दोन बोटं मशीनच्या मानेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "चालवा." मग ऐकलेला आवाज जसाच्या तसा तोंडाने काढून दाखवतात. "खट-खट, खट्ट. असंच ना? मग सुईला बोल लावू नका, खालचं शटल घासतंय." आणि वळून मला म्हणतात, "उघड." त्यांनी "उघड" म्हणेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही, हा मी शाळेत असल्यापासूनचा नियम.

डॉक्टरांनी सांगितलं की घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तोवर दिवसाला अर्धा तासच बोलायचं.

दुकान मी चालवायचं हे ठरलं होतं. कुठला स्क्रू कुठे बसतो ते मला येत होतं, पण कुठला आवाज कशामुळे येतो ते सगळं बाबांच्या तोंडात होतं. ते तिथून काढून कुठेतरी जपून ठेवायचं, एवढंच माझं काम. रेकॉर्ड करून पाहिलं, तर घसा इतका बसलेला की नुसती खरखर ऐकू आली. समोर बसून ओठांकडे पाहिलं तरच कळायचं. म्हणजे ऐकून लिहायचं, दुसरा मार्ग नव्हता.

आईने वही पुढे केली. "घे, आणि बस त्यांच्यासमोर."

"वहीत पटकन सापडत नाही गं काही," मी म्हटलं.

मी दहा वर्षं ऑफिसात कॉम्प्युटरसमोर काढलेली. तिथल्या एका चष्मिस सहकाऱ्याने तीन सॉफ्टवेअरं सुचवली. पहिल्यात रंगीत कप्पे होते. दोन दिवस मी कुठल्या दोषाला कुठला रंग ते ठरवत बसले. दुसऱ्यात एका टिपणातून दुसऱ्यात जायला दोरे होते, आणि जोडायला अजून एकही टिपण नसताना मी दोरे ओवत होते. तिसरं तर म्हणे लक्ष विचलित होऊ नये म्हणूनच बनवलेलं. आज तुम्ही किती मिनिटं एकाग्र होता, हे ते दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून सांगायचं. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतात म्हणतात. मी तर फावडं कुठल्या रंगाचं घ्यावं, इथेच अडले होते.

बाबा रोज दुपारी अर्धा तास स्टुलावर तयार होऊन बसायचे. मी म्हणायचे, "बाबा, उद्यापासून नक्की." ते मान हलवायचे. नवव्या दिवशी ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "लिहायला पाटी मिळाली का नाही अजून, बाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी मी चौथं सॉफ्टवेअर घेतलं, कारण त्याचं पान दिसायला सर्वांत देखणं होतं. खाली एक बटण होतं, "नीट करा". दाबलं की ओळी सारख्या व्हायच्या आणि हिरवी खूण यायची: तुमचं पान आता नीट आहे. मी नीटनेटकेपणाची भुकेली. अकरा दिवस बाबांनी आवाज काढले, मी लिहिले, आणि रोज बंद करताना, मागचं न वाचता, ते बटण दाबलं. एकेचाळीस आवाज, एकेचाळीस दोष. शेवटच्या दिवशी त्यांनी एक आवाज तीनदा काढला आणि म्हणाले, "झालं. आता तुझ्याकडे." नंतर ते बोलले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. बारा दिवसांनी ते घरी आले, आणि चार दिवसांत गळ्याला रुमाल बांधून दुकानातही. हॉस्पिटलने दिलेली पाटी मांडीवर असायची.

त्याच दिवशी पडदे शिवणाऱ्या बाई मशीन घेऊन आल्या. "दादा, टाके सुटतायत हो," त्या म्हणाल्या आणि मग गळ्यातला रुमाल पाहून एकदम माझ्याकडे वळल्या.

"चालवा," मी म्हटलं. बाबांसारखी दोन बोटं ठेवली. आवाज ओळखीचा होता. याच्याजवळचाच एक मी लिहिलेला होता, फक्त मधली थांबायची जागा कुठे ते पाहायचं होतं. मी पान उघडलं.

पहिली ओळ: खट. शटल घासतंय.
दुसरी: खट. दात्यांत धागा अडकलाय.
तिसरी: खट. पट्टा सैल.

"नीट करा"ने पुन्हा पुन्हा आलेले आणि जरा वेगळे लिहिलेले शब्द चूक समजून काढून टाकले होते. खट-खट, खट्टचं खट. खट्ट, खटखटचंही खट. मधल्या रेघा, स्वल्पविराम, सगळं झाडून साफ. एकेचाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळ स्वच्छ. जुनं पान परत मिळेल का म्हणून तिथल्या तिथे कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं की फक्त सात दिवसांपर्यंत.

बाईंना "मशीन ठेवा, उद्या या" म्हणून पाठवलं आणि मी रडले. गिळून वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. माणसाने आपला शेवटचा अर्धा अर्धा तास माझ्या ओंजळीत घातला होता, आणि मी तो झाडूने लोटून दिला होता.

बाबांनी कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता पाटी फेकून मारतील. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाजाशिवाय. मग पाटीवर लिहिलं, "चाळीस वर्षं हेच केलं होय मी? खट?"

मी ते देखणं सॉफ्टवेअर काढून टाकलं. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेलं, कधी कुणी न वाखाणलेलं एक लिहायचं साधन होतं, ते उघडलं. पांढरं पान आणि लुकलुकणारी एक उभी रेघ, बास. त्यात बटणच नव्हतं, मग दाबणार काय?

पुढच्या महिन्याभरात त्या पानावर एकोणतीस आवाज परत आले. बाबा टेबलावर बोटांनी ठेका धरत, मी तोंडाने आवाज काढी, ते मान हलवत. बारा गेले ते गेलेच. ठेका धरता न येणारे होते ते, घरघरीचे आणि सुस्काऱ्यांचे, आणि कसे होते ते सांगायला आता गळा नव्हता. त्या बारांच्या ओळी मी रिकाम्या ठेवल्या आहेत. समोर फक्त दोष लिहिलाय.

पण त्या पहिल्या दुपारी, बाईंच्या मशीनचा आवाज बसवताना, ठेका पुरेना. टेबल आणि मशीन यांचा आवाज काही एक नसतो. मी "खट-खट, खट्ट" म्हणे आणि बाबा नकारार्थी मान हलवत. पाच वेळा, सहा वेळा. मग ते उठले, माझ्या समोर आले आणि मशीनच्या मानेवर ठेवत तशी दोन बोटं त्यांनी माझ्या गळ्यावर ठेवली. डोळे मिटले.

मी आवाज काढला. बोटं हलली नाहीत.

पुन्हा काढला, थोडा खालून.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान "नाही" अशीच हलली. कामात त्यांनी कधी कुणाला सूट दिली नव्हती.

नवव्यांदा मी शेवटचा "खट्ट" अर्धाच काढला, आत ओढून. त्यांनी बोटं काढली. स्टुलावर बसून पाटी घेतली आणि बाईंच्या मशीनकडे बघत तिच्यावर एकच शब्द लिहिला.

उघड.