अजीजभाईचे डबे

धर्मापुरी ते परळी या रस्त्यावर अजीजभाईची काळी-पिवळी जीप इतकी वर्षं पळत होती, की तिचा मूळ रंग कोणता हे आता अजीजलाही शपथेवर सांगता आलं नसतं. निम्मा रंग उन्हानं नेला होता, उरलेल्यावर परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचा थर बसला होता. पण गावात अजीजला मान होता तो जीपमुळे नाही, डब्यांमुळे. परळीत रूम करून शिकणाऱ्या पोरांचे डबे रोज सकाळी त्याच्या जीपमधून जात. कापडात बांधलेले, गाठीवरून ओळखायचे. रतनबाईच्या डब्याची गाठ दुहेरी, रामहरीच्या घरच्या डब्याला बाळंतविड्यातल्या दुपट्याचा तुकडा. अजीजनं कधी डबा चुकवला नाही, कधी झाकण उघडून बघितलं नाही.

त्याचा हॉर्नही ठरलेला होता. एक लांब, दोन आखूड. तो वाजला की बाया चुलीपुढून उठायच्या. गावाबाहेर पुलाच्या अलीकडे छबुबाईची वस्ती होती. तिथल्या वळणावर तो लांबूनच हॉर्न द्यायचा, कारण छबुबाईचा गुडघा दुखरा होता आणि मेथी-कोथिंबिरीचं गठुडं डोक्यावर घेऊन बांधावरून सडकेला यायला तिला वेळ लागायचा. ती येईपर्यंत जीप थांबायची. पुढची सीट तिचीच. तिथं कुणी बसलेलं असलं, तर अजीज त्याला मागं पिटाळायचा, मग तो सरपंच असो नाहीतर नवरदेव.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एसटीची विजेवर चालणारी बस आली. गावानं तिचं नाव ठेवलं लाईटीची गाडी. गार हवा, धक्के नाहीत, धूर नाही, बायांना अर्धं तिकीट, आणि मुख्य म्हणजे ती वेळेवर निघायची. हे सगळं अजीजनं एकवेळ पचवलं असतं. पण ती बस चालवत कोण आला? परमेश्वर.

परमेश्वर म्हणजे अजीजच्या जीपचा जुना किन्नर, म्हणजे क्लीनर. मागच्या फळीवर लोंबकळत 'परळी, परळी' ओरडणारा. त्याला स्टेअरिंग धरायला अजीजनं शिकवलं होतं, देवळामागच्या मोकळ्या जागेत, स्वतःचं डिझेल जाळून. एसटीत लागला तेव्हा तो पेढे घेऊन आला होता आणि अजीजनं दोन पेढे जास्त खाऊन साऱ्या चौकाला सांगितलं होतं, "माझ्या हाताखालचं पोरगं हाय." तेच पोरगं आता इस्त्रीचा खाकी शर्ट घालून काचेच्या केबिनीत बसायला लागलं, तेव्हा अजीजच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर परळीतल्या कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. हेवा वाटत होता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. त्याला कारणं शोधायचं काम अजीज स्वतःच करत होता.

"गेर न्हाई, क्लच न्हाई," तो चहाच्या टपरीवर म्हणायचा. "ह्याला काय गाडी चालवनं म्हनतेत? पाळन्यात बसल्यावानी बसायचं."

ऐकणारे मान डोलवायचे, चहा संपवायचे आणि बसमध्ये जाऊन बसायचे.

जीपवाल्यांची एक जुनी खोड असते. एसटीच्या थोडं पुढं पळायचं आणि थांब्यावरची माणसं उचलायची. अजीजनं तीही करून बघितली. रोज बसच्या पुढं निघायचा, प्रत्येक थांब्याला ब्रेक मारून हाक द्यायचा. लोक जागचे हलायचे नाहीत. "जावा तुमी अजीजभाई, येतीयच आमची बस." त्या 'आमची'नं त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतकी वर्षं ज्यांना नेलं-आणलं, त्यांनी त्याच्या जीपला कधी आमची म्हटलं नव्हतं. त्यात छबुबाईही पुलाच्या अलीकडे गठुडं घेऊन उभी राहायची नाही. त्यानं हॉर्न दिला की लांब बांधावरून हात हलवायची, पुढं जा म्हणून.

तरी डबे होते. डबे अजून अजीजकडेच होते. मग एका सकाळी रतनबाई दुहेरी गाठीचा डबा घेऊन त्याच्या जीपवरून पुढं गेली आणि परमेश्वरच्या हातात देऊन आली. बघता बघता सगळ्याच जणी तसं करायला लागल्या. डबे गोळा करायची रीत अजीजनं पाडली, बायांचा विश्वास अजीजनं मिळवला आणि आयत्या बिळावर हा नागोबा.

त्या दिवशी अजीजनं विहिरीजवळ उभ्या असलेल्या रतनबाईला सहज बोलल्यासारखं सांगितलं, "मी न्हाई म्हनत बाई, पन लोक म्हनतेत. त्या गाडीच्या खाली सगळी बॅटरी हाय. तिच्या करंटनं म्हनं दूध नासतंय. वरन आंबतंय. लेकरांच्या पोटाचा सवाल हाय, म्हनून बोललो."

रतनबाईनं हनुवटीवर हात ठेवला. संध्याकाळपर्यंत गावातलं वरण आंबून गेलं होतं, निदान बोलण्यात तरी. दुसऱ्या दिवशी सगळे डबे अजीजच्या जीपमध्ये परत आले. परमेश्वर स्टँडवर बसजवळ उभा राहून नुसता बघत होता. अजीजनं त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, इतकं बरं वाटत होतं.

त्याचा स्वतःचा मुलगा अबरारही परळीत रूमवर होता, बारावीला. अबरारचा डबा रहेमतबी भरायची. नवऱ्याची जीप असल्यामुळे तिला बसचा कधी प्रश्नच पडला नव्हता.

पेपर सुरू झाले तोवर ऊन तापायला लागलं होतं. त्या सकाळी अजीजनं डबे नेहमीसारखे पायाजवळ, इंजिनाच्या बाजूला रचले आणि माणसांची वाट बघत बसला. बसच्या पुढं पळून डिझेल जाळणं त्यानं आता सोडलं होतं; जीप भरल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा जीपवाल्यांचा धर्म. पण डबे परत आले होते, माणसं कुठं आली होती? मागं एक म्हातारा, एक शेळी आणि तिची मालकीण, एवढेच. बस वेळ झाल्यावर सूं करून निघून गेली. ऊन वर चढलं. म्हातारा म्हणाला, "निघा की अजीजभाई." अजीज म्हणाला, "अजून दोघं येऊ द्या." दोघं आले नाहीत. बस निघायच्या आधी उतरून डबे तरी त्याला तिच्यात देता आले असते. ते सुचलंही होतं. पण परमेश्वरच्या हातात आपण आपल्या हातानं डबे द्यायचे? त्यापेक्षा थांबू.

तो परळीत पोचला तेव्हा पोरं उपाशीपोटी पेपरला गेली होती. पेपर सुटल्यावर त्यांनी रूमवर येऊन डबे उघडले आणि नाक धरलं. इंजिनाच्या धगीनं वरण आंबलं होतं, भाजीला तार सुटली होती. करंटनं जे होणार म्हणून अजीजनं गावभर सांगितलं होतं, ते सगळं त्याच्या जीपनं कुठल्याही करंटशिवाय करून दाखवलं. अबरारनं डबा नळाखाली धुतला आणि बापाच्या हातात दिला.

रात्री रहेमतबीनं ताट वाढलं आणि पाठ करून बसली. अजीजला वाटलं, झालं ते झालं, सकाळपर्यंत निवळेल.

सकाळी तो जीप पुसत होता. रहेमतबी डबा घेऊन स्टँडवर आली. बाया जमलेल्या होत्या, रतनबाईही होती. घरात नेहमी दखनीत बोलणारी रहेमतबी त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत बोलली.

"ह्यो डबा तुमच्या हातात देते, अबरारचे अब्बा. तुमच्या गाडीत न्हाई देत. बशीत बसा आन तुमीच नेऊन द्या."

"आन जीप?"

"जीप राहू द्या हितंच. तिला कावून घाई हाय? भरंल तवा जाईल."

एक-दोघींनी पदर तोंडाला लावला. अजीजनं डबा घेतला. न घेऊन करतो काय?

बसच्या पायरीवर चढताना त्याला वाटलं की सारं गाव बघतंय, आणि ते खरंच होतं. केबिनीजवळ एका प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये डबे नीट रचून ठेवलेले होते. दुहेरी गाठ त्यानं लगेच ओळखली. परमेश्वरनं आरशातून बघितलं.

"बसा उस्ताद," तो म्हणाला. बाकी काही नाही. एखादा टोमणा मारला असता तर अजीजला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं.

तो अगदी पहिल्या सीटवर बसला, डबा मांडीवर. बस कधी सुटली ते कळलंच नाही. सीट मऊ होती, हवा गार होती, डब्याचं बूड ऊबदार होतं तेवढंच. काहीतरी खोट सापडावी म्हणून अजीज कान देऊन बसला, पण कुठलाच पत्रा वाजत नव्हता. त्याचा त्याला भयंकर राग आला.

वळण आलं. परमेश्वरनं हॉर्न दाबला. एक लांब, दोन आखूड.

अजीज ताडकन सरळ झाला. इतके दिवस तो बसच्या पुढं पळत होता, नाहीतर स्टँडवर जीप भरायची वाट बघत होता; वाटेत बस काय करते हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

"ह्यो हॉर्न कुठून उचललास बे?"

"तुमचाच की, उस्ताद." परमेश्वरनं पुलाच्या अलीकडे बस थांबवली. "ही गाडी आवाजच करत न्हाई. पहिल्या दिवशी छबुकाकूला कळलंच न्हाई गाडी आल्याचं, बिचारी राहिली मागं. मग तुमचा हॉर्न द्यायला लागलो. तो ऐकला की येती बरोबर."

छबुबाई बांधावरून येत होती. गठुडं डोक्यावर, एक पाय ओढत. घाई करत नव्हती. कंडक्टरनं घड्याळ बघितलं, पण परमेश्वर थांबला. अजीजही असाच थांबायचा. आपली माणसं गेली, डबे गेले, आणि आता ही थांबायची पद्धतही गेली, असं त्याच्या मनात आलं. ती वाईट हातात गेली असती तर शिव्या देता आल्या असत्या. ती चांगल्या हातात गेली होती, आणि तेच त्याला सोसत नव्हतं.

छबुबाई दांडीला धरून वर आली. गठुडं खाली ठेवलं, पदरानं कपाळ पुसलं आणि पहिल्या सीटकडे बघितलं.

"कोन, अजीज हाय का? ऊठ बाबा. ही जागा माझी हाय."

अजीजनं आरशात बघितलं. परमेश्वर रस्त्याकडे बघत होता. अजीज उठला.

छबुबाई बसली आणि तिनं हात पुढं केला. "आन तो डबा दे हितं. मांडीवर धरते. उभ्यानं सांडशील."

"न्हाई काकू," अजीज म्हणाला. "ह्यो माझ्याकडंच राहू द्या."

बस निघाली. परळी येईपर्यंत तो उभाच होता, एका हातानं वरची दांडी धरून आणि दुसऱ्या हातानं अबरारचा डबा छातीशी घेऊन.