डिचोलीच्या प्रयोगशाळेतली झाकलेली खूण

मी एक जुने, रक्तातल्या पेशी मोजणारे यंत्र आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. फक्त ऐका.

वय: अकरा वर्षे.
मुक्काम: डिचोली, बसस्टँडमागची प्रयोगशाळा.
काम: थेंबभर रक्त, मिनिटभरात मोजणी.
स्थिती: सूडाने भरलेले.

सुरुवातीला मालक कृष्णनाथ मला रोज झेंडू वाहायचा. तंत्रज्ञ प्रभावती दर आठवड्याला काही नमुने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः मोजायची, माझ्या आकड्यांशी ताडून पाहायची. जुळले की पाठीवर थाप. ते ताडणे कृष्णनाथने बंद केले. वेळ जातो म्हणे.

रक्त घेतले की नळी आठदा हळूच उलटसुलट करायची असते. नाहीतर पेशींच्या गाठी होतात. गाठीतल्या पेशी मला सुट्या मोजता येत नाहीत, आकडा कोसळतो. म्हणून मी आकड्याशेजारी तारा छापते. अर्थ: रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासा.

"तो तारो काढून उडय गो," कृष्णनाथ म्हणाला. "लोकांक भंय दिसता."

"बाब, तो भंयाक न्हय, तपासपाक आसा," प्रभावती म्हणाली.

ऐकतो कोण! तारा छापणे बंद.

मग मये गावची सेजल आली, सात वर्षांची, तापाची. रक्त कृष्णनाथने घेतले, फोनवर बोलत, नळी न हलवता. प्लेटलेट बावीस हजार; हव्यात दीड लाखावर. बाप निवृत्ती पांढराफटक. पोर बाकावर उड्या मारत होती.

"बाब, हें चेडूं मरता काय उड्यो मारता?" पोरीकडे बोट दाखवत प्रभावतीने कृष्णनाथला विचारले.

म्हापशाच्या इस्पितळात तिला परक्याच्या प्लेटलेट चढवायची तयारी झाली. नशीब, डॉक्टरांनी आधी पुन्हा रक्त तपासले. दोन लाख.

निवृत्ती भांडायला आला. कृष्णनाथने सगळ्यांसमोर मला थप्पड मारली. "ह्या मशिनाक पिसें लागलां! भंगारात उडयतां!"

मी वाट पाहिली.

सतराव्या दिवशी त्यालाच ताप. प्रभावती जेवायला गेलेली. त्याने स्वतःच सुई टोचून नळी भरली, टेबलावर आडवी टाकली, मग मला दिली. एकोणीस हजार. तारा माझ्या पोटात होता. छापायचा नाही, हा हुकूम त्याचाच. मला वेडे ठरवणारा कृष्णनाथ माझाच आकडा छातीशी धरून रिक्षाने म्हापशाला पळाला.

मित्रांनो, नळी हलवा. यंत्राची खूण झाकू नका. आमचे आकडे माणसाच्या डोळ्याने ताडून पाहा. नाही पाहिले तरी चालेल. आम्हाला घाई नसते.

प्रभावतीने परत आल्यावर त्याच्या नळीतल्या रक्ताची काच पाहिली. गाठीच गाठी. तिने लगेच त्याला फोन लावला.

मी लावला नसता.