झाडू नावाची लाल कळ

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. वाजवायचा नव्हे, संगणकाला जोडायचा. माझ्या वरच्या ओळीत उजवीकडून तिसऱ्या जागी कळ नाही, नुसते भोक आहे. सगळे आपली कहाणी जन्मापासून सुरू करतात. मी मात्र त्या भोकापासून करतो, कारण ते मिरवण्यासारखे नाही. आणि जे मिरवण्यासारखे नसते ते शेवटी सांगू म्हटले की राहूनच जाते.

कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. समज आली ती अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये, वेंडेल टटलच्या टेबलावर. बेरी हिलमधल्या एका बैठ्या घरात त्याचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एकच मोठी खोली. गाणारे, वाजवणारे, वेंडेल आणि मी, सगळे त्यातच. गाणाऱ्यांच्या आणि वेंडेलच्या कानांवर हेडफोन असत, आणि कोणी शिंकू नये एवढाच काय तो नियम.

वेंडेल हे काम टेपच्या फितीच्या काळात शिकला होता. तेव्हा गाण्यातला नको असलेला भाग ब्लेडने कापत. पण कापलेला तुकडा कोणी फेकत नसे. त्याला चिकटपट्टी लावून तो दाराच्या चौकटीला टांगायचा, पट्टीवर गाण्याचे नाव लिहायचे, आणि तबकडी लोकांच्या हातात पडेपर्यंत तिथेच लोंबू द्यायचा. "कापलेलं परत मागायला माणूस हटकून येतो," असे त्याचे गुरू म्हणत. वेंडेल ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला हसत हसत सांगे. त्याची चौकट मात्र स्वच्छ होती. नवा रंग दिलेली होती.

आता फीत गेली. आता आवाज पडद्यावर रेघांनी उमटतो आणि त्याची कापाकापी माझ्यासारख्यांवरून होते. आमच्या गावात ध्वनिमुद्रणाच्या दिवसाला तीन पाळ्या असतात, दहाची, दोनची आणि सहाची. दहाचे लोक एकला उठतात आणि दोनचे दीडलाच गाड्या लावून ओसरीवर बसतात. मधल्या वेळात सगळे आवरायचे. त्यामुळे वेंडेलचा एकच ध्यास होता, हात वाचवायचा. माउसला तो हातच लावत नसे. "माउस धरला की दोन सेकंद गेली," म्हणे. ड्रमची जागा, बास गिटारची जागा, गळ्याची जागा, सगळे रंग देऊन, नावे घालून त्याने पडद्यावर आधीच मांडून ठेवलेले असे. गाणाऱ्याने यायचे आणि वाढलेल्या ताटावर बसायचे. माझ्या कळांनाही त्याने रंगीत टोप्या बसवल्या. हिरवीने ऐकायचे, पिवळीने कापायचे, निळीने जोडायचे.

आणि लाल. लाल कळेत त्याने एकामागून एक अकरा कामे भरली. ती संगणकात नव्हे, माझ्याच पोटात साठवली. पसंत पडलेला भाग ठेवायचा, बाकीचा वगळायचा, मधली शांतता कापायची, श्वास कापायचे, कडा मऊ करायच्या, असे करत करत शेवटी उरलेले सगळे कायमचे पुसून टाकायचे. जपून ठेवलेल्या नकलेतूनसुद्धा. पुसण्याआधी संगणक विचारतो, 'नक्की पुसू?' माझे दहावे काम त्याला 'हो' म्हणायचे होते. प्रश्न पडद्यावर नीट उमटायच्या आत मी 'हो' म्हणून मोकळा होई.

वेंडेलने त्या कळेचे नाव झाडू ठेवले. चाळीस मिनिटांचे काम नऊ सेकंदांत. शेजारच्या स्टुडिओंतले लोक मला बघायला येत. एकजण म्हणाला, "वेंडेल, हा तुझ्यापेक्षा हुशार आहे रे."

"आणि मधेच जेवायलाही उठत नाही," वेंडेल म्हणाला.

मी फुशारून गेलो. खोटे कशाला सांगू? आठ वर्षे मी स्वतःला त्या खोलीतला सगळ्यात कामाचा समजत होतो.

मग मिस लोरीन आल्या. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मिस म्हणतात, मग तिच्या लग्नाला पन्नास वर्षे का झालेली असेनात. लोरीन स्टॅम्पर सत्तरीला टेकल्या होत्या. तीस वर्षे त्या दुसऱ्यांच्या गाण्यांमागे सूर धरून उभ्या राहिल्या, स्वतःच्या नावाची एकही तबकडी निघाली नाही. आणि आता डॉक्टरांनी सांगितले होते की गळ्यातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्रच काढावे लागेल. मंगळवारी शस्त्रक्रिया होती. वेंडेलने आपण होऊन त्यांना आदल्या आठवड्यातल्या तीन सकाळी दिल्या.

बरोबर त्यांचे यजमान असत, मिस्टर हार्लन. ते जन्मापासून आंधळे. चव्वेचाळीस वर्षे त्यांनी गावातले पियानो सुरात लावले. भिंतीशी सोफा होता, त्यावर ते काठी गुडघ्यांत धरून बसत. मित्रांनो, हे नीट लक्षात घ्या. बाई लिहून बोलू शकल्या असत्या, पण ते वाचणार कोण? मंगळवारनंतर त्या घरात मिस लोरीन असूनही मिस्टर हार्लनना त्या आहेत की नाहीत हे कळणार नव्हते.

गाणारा खोलीत असेपर्यंत मुद्रण थांबवायचे नाही, ही वेंडेलची सवय. न जाणो, सगळ्यात चांगला सूर सहज म्हणून लागून जायचा. त्यामुळे गाण्यांच्या मधली बडबडही उमटत होती.

"हार्लन, घोरू नकोस. माइक चालू आहे."

"घोरतोय कोण? तुझ्या सुराला खर्ज देतोय."

"तो खर्ज गेली पन्नास वर्षं ऐकतेय मी. आज सुट्टी दे."

पहिल्या दिवशी एक वाजता वेंडेलने झाडू मारला. नऊ सेकंद.

दुसऱ्या दिवशी तिसरे गाणे संपले तेव्हा मिस लोरीननी हेडफोन गळ्यात उतरवला आणि माइकसमोरून न हलता म्हणाल्या, "ऐक रे हार्लन. आत्ताच ठरवून टाकू. मंगळवारनंतर मी तुला एकदा थोपटलं म्हणजे मी इथेच आहे."

"बरं. आणि दोनदा?"

"दोनदा म्हणजे मी हसतेय."

"आणि तीनदा?"

"तीनदा म्हणजे जमिनीवरचे मोजे उचल."

"आणि चारदा?"

"चौथी थोपटायची नाही. ती चापट."

आणि त्या हसल्या. मी पुष्कळ गाणी ऐकली आहेत, पण तसे हसणे ऐकले नाही. आधी नुसती हवा, मग आवाज फुटला, मग उचकी लागली, आणि उचकी लागली म्हणून पुन्हा हसू. मिस्टर हार्लन काठी जमिनीवर आपटत हसत होते. वेंडेलने टोपी डोळ्यांवर ओढली. पडद्यावर त्या हसण्याची रेघ वरखाली धावत होती आणि मी ती बघत होतो.

एक वाजला. दोनचे लोक आज पाऊणलाच आले होते, ओसरीवर बँजो सुरात लावत होते. वेंडेलचा हात आला आणि लाल कळेवर पडला. तो विसरला असे मी म्हणणार नाही. त्याला आठवायला वेळच लागू नये म्हणून तर मला केले होते. 'नक्की पुसू?' संगणकाने विचारले. मी 'हो' म्हटले.

तिसऱ्या दिवशी शेवटचे गाणे झाले. मुद्रण चालूच होते. मिस लोरीननी माझ्या शेजारचा बर्फ घातलेल्या गोड चहाचा पेला उचलायला हात लांब केला, हेडफोनची वायर अडकली, आणि बर्फासकट सगळा चहा माझ्या अंगावर आला. चहा टेबलावरून खाली सोफ्याकडे निघाला.

"मेला पेला! हार्लन, पाय उचल. खाली चहा आलाय."

मिस्टर हार्लननी दोन्ही पाय उचलले.

"अजून वर. हं, तसेच धर."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत. पुसते आहे ना? जरा म्हणून धीर नाही तुला."

वेंडेलने मला उचलून उलटे केले, झटकले, पुसले. लाल कळ दाबली तर ती दबेना. दोनचे लोक दारात. "आजच बसायचं होतं याला," असे पुटपुटत त्याने कपाटातला साधा कीबोर्ड जोडला, मुद्रण थांबवले आणि ते काम जसेच्या तसे बंद करून ठेवले. मागाहून साफ करीन म्हणाला. मला खिडकीत उन्हात उपडे घातले.

त्या दुपारी मला फार लाज वाटली. ऐन वेळी बसलो म्हणून. मित्रांनो, लाज वाटायची तीसुद्धा मला चुकीच्या गोष्टीची वाटली.

तीन आठवड्यांनी मिस्टर हार्लन काठी टेकत आले. शस्त्रक्रिया पार पडली होती. मिस लोरीन तपासणीला जाताना त्यांना दारात सोडून गेल्या होत्या. तयार गाणी वेंडेलने आधीच घरी पाठवली होती.

"गाणी ऐकली, पोरा," मिस्टर हार्लन सोफ्यावर बसत म्हणाले. "सुरेख केलीस. कुठे श्वाससुद्धा ऐकू येत नाही."

"थँक यू सर."

"पण घरात बाई गात थोडीच असते? बडबडत असते. ती बडबड मला दे. आणि ते दुसऱ्या दिवशीचं हसणं. ते थोपटायचं ठरलं तेव्हाचं. सकाळी कॉफी पिताना ऐकत जाईन."

वेंडेलने दुसऱ्या दिवसाचे काम उघडले. गाणे, मग सरळ रेघ, मग गाणे. तो पडदा पुढे सरकवत राहिला, मागे सरकवत राहिला. खिडकीतून मला सगळे दिसत होते. माझ्या नऊ सेकंदांचे काम इतके नीटनेटके होते की शिवणसुद्धा दिसत नव्हती.

"वेंडेल?"

"शोधतोय, मिस्टर हार्लन."

तो शोधत नव्हता. त्याला माहीत होते. संगणकातल्या त्या पुसलेल्या जागेवर तीन आठवड्यांत दुसऱ्यांची कितीतरी गाणी लिहिली गेली होती. शेवटी तो म्हणाला, "मी ते झाडून टाकलं."

"झाडून कुठे ठेवलंस?"

"कुठेच नाही."

मिस्टर हार्लननी काठी गुडघ्यांतून काढून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी पियानोची तुटलेली तारसुद्धा मालकाच्या हातात देत असे, पोरा. म्हणायचो, ही तुमची. टाकायची तर तुम्ही टाका."

वेंडेलने मान खाली घातली. मला तर घालायला मानही नव्हती. ते हसणे मला उचकीसकट पाठ होते, अजून आहे, पण मला आवाज नाही. आवाज पुसायला मला एक कळ पुरली होती. तो परत द्यायला माझ्याकडे एकही कळ नव्हती.

मग वेंडेलला एकदम तिसरा दिवस आठवला. मागाहून साफ करायचे राहून गेलेले ते काम त्याने उघडले आणि शेवटचा भाग मोठ्या आवाजात लावला. पेला पडल्याचा आवाज आला, बर्फाचा आला, आणि मग खोलीभर मिस लोरीन. "हार्लन, पाय उचल. खाली चहा आलाय."

मिस्टर हार्लननी दोन्ही पाय उचलले.

"अजून वर. हं, तसेच धर." त्यांनी अजून वर केले. "मी सांगेपर्यंत. पुसते आहे ना? जरा म्हणून धीर नाही तुला." पुढे फडक्याची घसघस, मिस लोरीनचा श्वास, वेंडेलचे पुटपुटणे, आणि मुद्रण संपले. 'आता ठेव' हे शब्द त्यात नव्हते. ते बोलायच्या आधीच साधा कीबोर्ड जोडून झाला होता. मिस्टर हार्लन पाय अधांतरी धरून बसून राहिले. त्यांच्या मांड्या थरथरत होत्या, पण पाय खाली येईनात.

दार उघडेच होते. मिस लोरीन कधी येऊन उभ्या राहिल्या ते आम्हा कोणालाच कळले नाही. गळ्याला आता श्वासापुरते भोक होते, त्यावर रुमाल होता. त्यांनी आधी पडद्याकडे पाहिले, मग त्या पायांकडे. त्यांचे खांदे हलायला लागले. तोंड उघडले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होते, आणि आवाज मात्र तसूभर नव्हता. त्या पुढे आल्या, सोफ्यापाशी वाकल्या आणि मिस्टर हार्लनच्या खांद्यावर थोपटले. एकदा. आणि पुन्हा एकदा.

"हसतेस होय?" ते म्हणाले. त्यांनी कान मिस लोरीनकडे वळवला आणि वाट पाहिली. रुमालाखालून नुसता श्वास येत होता, किंचित शिट्टी वाजल्यासारखा. तोच ते ऐकत बसले. मग मिस लोरीननी हातांनी त्यांचे गुडघे दाबून पाय जमिनीवर ठेवले.

त्याच दुपारी वेंडेलने स्क्रूड्रायव्हरने माझी लाल कळ उपटली. आता त्याच्या दाराच्या चौकटीला कागदाच्या पट्ट्या लोंबतात. वगळलेल्या प्रत्येक तुकड्याची एक पट्टी. ज्याचा तुकडा त्याने येऊन स्वतःच्या हाताने पट्टी काढली, तरच तुकडा पुसायचा. आवरायला पाऊण तास लागतो. दोनचे लोक ओसरीवर कुरकुरतात आणि वेंडेल त्यांना कुरकुरू देतो.

मित्रांनो, झटपट काम करू नका असे मी सांगत नाही. तेवढा शहाणा मी नाही. एवढेच सांगतो, की 'नक्की पुसू?' असे कोणी विचारले तर तो प्रश्न पुरता वाचा, आणि जे पुसायचे ते ज्याचे असेल त्याला हाक मारा. तुमच्या वतीने 'हो' म्हणायला माझ्यासारख्याला बसवू नका. आम्हाला 'हो' शिवाय दुसरे काही शिकवलेले नसते.

तिसऱ्या दिवसाच्या त्या तुकड्याची पट्टी चौकटीवर सगळ्यात वर आहे. तुकडा चार मिनिटांचा आहे. मिस्टर हार्लन रोज सकाळी कॉफीबरोबर तो ऐकतात, असे वेंडेल सांगत होता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी कोणाच्या कामी आलो असेन तर तेवढ्याच चार मिनिटांत, आणि तेव्हा मी बंद पडलेला होतो.